विंडोज एका डिस्कवर, किल्ली दुसऱ्या डिस्कवर: सांगलीच्या एका आडत दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं एक आडत दुकान. मालकांना इथे अण्णा म्हणते. हिशोब सांभाळणारे दिवाणजी तीस वर्षं याच गादीवर आहेत. ओळख पटेल असं याहून जास्त लिहीत नाही. मी विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते.

गोष्ट मार्च २०२५ ची. नव्या हळदीच्या आवकेचे दिवस. या दिवसांत दुकानातला कॉम्प्युटर एक तास बंद पडला तरी बाहेर शेतकऱ्यांची रांग लागते, कारण सौदा झाला की पट्टी हवी असते. वजन, दर, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम, सगळं त्या एका कागदावर. त्यात मार्चअखेर तोंडावर आणि जीएसटीच्या तारखा ११ आणि २० ला ठरलेल्या.

मशीन जुनं, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. सुरुवातीला त्यात १ टीबीची एकच हार्ड डिस्क आणि तिच्यावर विंडोज ८.१ होतं. चारेक वर्षांपूर्वी कोणीतरी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज १० टाकलं. जुनी हार्ड डिस्क आतच ठेवली, डी ड्राइव्ह म्हणून. हिशोबाचा सगळा डेटा डीवर. त्याचा रोजचा बॅकअपही डीवरच, वेगळ्या फोल्डरमध्ये.

अडचण

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की कधी नीट सुरू व्हायचा, कधी काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असं यायचं, तर कधी निळ्या पडद्यावर ‘युवर पीसी नीड्स टू बी रिपेअर्ड’. दोन-चार वेळा बटण दाबून बंद-चालू केला की लागायचा. माझ्याकडे येण्याआधी दोन आठवडे दुसऱ्या एकाने विंडोज खराब झालंय म्हणून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज १० पुन्हा टाकलं होतं. आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी पुन्हा तेच.

मी दुकानात पाऊल ठेवलं तेव्हा दिवाणजींचं पहिलं वाक्य होतं, “ताई, काय बी करा, पण फॉरमॅट मारू नका. मागच्या टायमाला पट्टीचा प्रिंटर जुळायला दोन दिवस गेलं.”

हे वाक्य मी तक्रार म्हणून ऐकलं. खरं तर त्यात निदानाचा अर्धा भाग होता. विंडोज नवी, एसएसडी धडधाकट, तरी दोष जसाच्या तसा परत आला होता. म्हणजे जे बदललं त्यात दोष नव्हता, जे बदललं नाही त्यात होता. हा विचार मला त्या दिवशी सुचायला हवा होता.

पहिली भेट आणि चुकलेला निर्णय

बाजूचा पत्रा काढला तर आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर इतका की बोट ओढलं तर रेघ उठत होती. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलच्या लाल प्लास्टिकवर पिवळी पूड, आणि हार्ड डिस्कच्या कनेक्टरच्या खाचेत तर ती दमटपणाने घट्ट बसलेली. हे पाहिल्यावर दुसरं काही डोक्यात येईना. ब्लोअरने धूळ काढली, रॅमचे पाय खोडरबराने पुसले, दोन्ही डिस्कच्या साटा केबल नव्या टाकल्या. तीन वेळा बंद-चालू केलं, तिन्ही वेळा लागलं. वहीत लिहिलं, ‘धूळ, केबल’, आणि निघाले.

त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, एक नजर टाकली होती. बूटच्या, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं त्याच्या यादीत पहिलं नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’, आणि त्याच ओळीत पुढे डिस्कचं मॉडेल. ते मॉडेल एसएसडीचं नव्हतं, जुन्या हार्ड डिस्कचं होतं. मी ओळीचा पहिला भाग वाचून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन. “ताई, परत तसंच झालंय बघा. बाहेर शेतकरी बसल्यात, पट्टी कशी करायची?” त्या दिवशीच्या पट्ट्या दिवाणजींनी कार्बन घालून हाताने केल्या.

दुसरी भेट: दोष कुठे होता

या वेळी कशालाही हात लावण्याआधी हार्ड डिस्कची साटा केबल काढली आणि एकट्या एसएसडीवर मशीन चालू केलं. बायोसच्या यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे नावच गायब. एसएसडीवर अख्खी विंडोज होती, पण ती एकटी सुरू होऊ शकत नव्हती.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून दोन्ही डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढला. एसएसडी ठणठणीत. हार्ड डिस्कच्या ५ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे बाद होऊन राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या लहान कप्प्यांच्या) नोंदीत, हजारावर आकडा. १९७ क्रमांकाला, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बाद केलेले नाहीत अशा सेक्टरांना, ८८. केबल खराब असेल तर १९९ क्रमांकाचा आकडा वाढतो, तो शून्य होता. आदल्या दिवशी मी बदललेली केबल चांगलीच होती. तीन मिनिटांचा हा अहवाल मी पहिल्या भेटीत काढला असता तर एक सकाळ वाचली असती.

दोन्ही डिस्कची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, उघडल्यावर उरलेलंही उलगडलं. जुन्या हार्ड डिस्कवर ३०० एमबीचं रिकव्हरी, १०० एमबीचं सिस्टिम, १२८ एमबीचं रिझर्व्ह्ड आणि मग मोठी पार्टिशन. एसएसडीवर फक्त १६ एमबीचं रिझर्व्ह्ड आणि सी. या दोन आकड्यांनी इतिहास सांगितला. रिझर्व्ह्ड पार्टिशन विंडोज ८.१ १२८ एमबीचं करायचं, विंडोज १० ते १६ एमबीचं करतं. म्हणजे हार्ड डिस्कवरचं १०० एमबीचं सिस्टिम पार्टिशन ८.१ च्या काळातलं होतं, आणि एसएसडीवरची विंडोज १० आजवर त्याच्याच जिवावर सुरू होत होती.

यूईएफआय या नव्या बूट-पद्धतीच्या मशीनमध्ये बायोस थेट सी ड्राइव्हकडे जात नाही. तो आधी फॅट ३२ या साध्या फाइल-रचनेतलं एक छोटं ईएफआय सिस्टिम पार्टिशन शोधतो. विंडोज कुठे आहे याची नोंद आणि ती सुरू करणाऱ्या फाइली तिथे असतात. विंडोज टाकताना मशीनला दुसरी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर असं पार्टिशन आधीच असेल, तर सेटअप नवं न करता तेच वापरू शकतो. एसएसडी बसवताना जुनी डिस्क जोडलेलीच राहिली, आणि दोन आठवड्यांपूर्वी पुन्हा विंडोज टाकतानाही. इन्स्टॉलेशन पूर्ण झालं, चाललं, कोणतीही सूचना आली नाही. पण ते दोन डिस्कवर फाटलेलं होतं आणि त्यातली एक डिस्क मरणपंथाला लागली होती.

दोन वेगवेगळे संदेश का येत होते तेही यातून कळतं. डिस्क वेळेत जागी झाली नाही की बायोसला काहीच सापडत नसे, म्हणून काळा पडदा. डिस्क सापडली पण नोंदीचा सेक्टर वाचता आला नाही की निळा. आणि फॉरमॅटनंतरचे आठ दिवस? सेटअपने बूटच्या फाइली पुन्हा लिहिल्या. न वाचता येणाऱ्या सेक्टरवर नव्याने लिहायला गेलं की, तिथे लिहिता येत नसेल तर, डिस्क तो बाद करून राखीव सेक्टर वापरते. म्हणून काही दिवस सगळं सुरळीत वाटलं. मग शेजारचे सेक्टर गेले.

हे सगळं अण्णांना सांगायचं होतं. मी म्हटलं, “अण्णा, माल नव्या गोडाऊनला हलवला, पण कुलपाची किल्ली जुन्या गाळ्यातच राहिली. जुना गाळा उघडला नाही की माल सुखरूप असूनही हाताला लागत नाही.”

अण्णा म्हणाले, “मग किल्ली हिकडं आणा की.”

पर्याय

किल्ली आणणं हा एक पर्याय होताच, पण आणखी तीन मी त्यांच्यासमोर ठेवले.

हार्ड डिस्क काढून एसएसडीवर सगळं नव्याने टाकणं तांत्रिकदृष्ट्या सर्वात स्वच्छ. पण पट्टीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, त्याचं कागदाचं माप, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, डिजिटल सहीचं टोकन, हे सगळं पुन्हा जुळवायचं म्हणजे ऐन आवकेत एक दिवस, कदाचित दोन. दिवाणजींचा चेहरा पाहून मी तो लांबवला.

जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करून ती जागच्या जागी बसवणं दिसायला सोपं. पण मूळ गुंता तसाच राहतो. उद्या कोणी ती डिस्क काढली की पुन्हा हेच.

नवं मशीन घेण्याचा विचार गंभीरपणे झाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर होतं, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, म्हणजे हे मशीन त्यात बसतच नव्हतं. अण्णा म्हणाले, घ्यायचं, पण हंगाम उरकल्यावर. मला ते पटलं. मशीन बदलायच्या गडबडीत डेटा मरत्या डिस्कवर राहिला असता.

म्हणून ठरलं: आधी डेटा, मग एसएसडीवर ईएफआय पार्टिशन, मग नवी डेटा डिस्क. हा क्रम मोडायचा नाही, एवढं मी स्वतःला बजावलं.

प्रत्यक्ष काम

कॅबिनेट रात्री माझ्या दुकानात नेलं, कारण काम रात्रभर चालणार होतं आणि तिथे इन्व्हर्टर आहे. निघण्यापूर्वी अण्णांचा मुलगा म्हणाला, एकदा चेकडिस्क, ते विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवून बघूया का, नेटवर तसंच सांगतात. मी नको म्हटलं, आणि हे थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे डेटा जातो. चेकडिस्क फाइल सिस्टिम सुसंगत करायला बसलेलं असतं, तुमच्या फाइली वाचवायला नाही. दुरुस्ती करायला लावलं तर ते डिस्कवर लिहितं, तुटक नोंदी कापतं, आणि प्रत्येक सेक्टर वाचायला लावलं तर आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कला आणखी पळवतं. आधी नक्कल. दुरुस्ती करायचीच असेल तर नकलेवर.

इथे एक खरा पेच होता. शिस्तीने आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यावी, कारण डिस्क कधी दम तोडेल सांगता येत नाही. पण अण्णांना गरज होती ती हिशोबाच्या फोल्डरची, तो जेमतेम ४ जीबीचा. मी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि आधी तो फोल्डर बाहेर काढला. सहा मिनिटं लागली. मध्ये एकदा कॉपी थांबली, डिस्कमधून टिक, टिक, टिक असा आवाज आला, आणि पुढचे वीस सेकंद मी नुसती पडद्याकडे बघत बसले. मग आकडा पुढे सरकला. फोल्डर मोठा असता तर मी हा धोका पत्करला नसता.

त्यानंतर खराब डिस्कची नक्कल काढणारं डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, अडलेला भाग बाजूला ठेवतं आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. रात्री नऊला लावलं, पहाटे पाचपर्यंत सगळं आलं, फक्त ३०० केबीच्या आसपास भाग वाचता आला नाही. त्यातला काही भाग नेमका त्या १०० एमबीच्या सिस्टिम पार्टिशनमध्ये होता.

ते चालू असताना दुसऱ्या मशीनवर एसएसडीचीही नक्कल घेतली. एसएसडी चांगली आहे, मग कशाला, असं वाटतं खरं. पण तिची पार्टिशन मी आता लहान-मोठी करणार होते.

मग फक्त एसएसडी जोडून, विंडोज १० च्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. पेनड्राइव्हवरून आलेल्या या वातावरणात सी म्हणजे आपला सी असेलच असं नाही, अक्षरं बदललेली असतात. त्या दिवशी सी पेनड्राइव्हला मिळालं होतं आणि खरी विंडोज डीवर दिसत होती. फोल्डरांची यादी पाहून, विंडोज आणि यूझर्स दोन्ही तिथे आहेत याची खात्री करूनच पुढे गेले. इथे अंदाजाने टाइप केलं की चुकीच्या ड्राइव्हचं नुकसान होतं.

पार्टिशन पाडणाऱ्या डिस्कपार्टमध्ये विंडोजचं पार्टिशन ३०० एमबीने आखडलं, मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन केलं, ते फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून एस हे अक्षर दिलं. मग बूटच्या फाइली नव्याने लिहिणारी बीसीडीबूट ही आज्ञा, तिला विंडोजचा खरा पत्ता, एस हे ठिकाण आणि यूईएफआय ही पद्धत सांगून. एक सेकंदही लागला नाही. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड.’ नेटवर सर्रास सुचवल्या जाणाऱ्या, बूट दुरुस्त करायच्या बूटरेकच्या आज्ञा मी वापरल्या नाहीत. एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची बूटची नोंद, दुरुस्त करणं यूईएफआय मशीनमध्ये निरुपयोगी, आणि त्यातली फिक्सबूट ही आज्ञा तर बहुधा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत पाठवतं.

एक इशारा: लॅपटॉपवर किंवा नव्या मशीनवर हे करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते पाहा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवं इन्स्टॉलेशन केलं की एन्क्रिप्शन आपोआप सुरू होऊ शकतं. रिकव्हरी की हातात नसताना बूटची मोडतोड करू नये.

मशीन चालू केलं. बायोसच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ परत आलं, आणि या वेळी मी ओळ शेवटपर्यंत वाचली. पुढे एसएसडीचं मॉडेल होतं.

राहिली डेटा डिस्क. अख्खी प्रतिमा नव्या डिस्कवर उतरवली असती तर जुनं सिस्टिम पार्टिशनही परत आलं असतं आणि मशीनमध्ये दोन किल्ल्या झाल्या असत्या. म्हणून नवी ५०० जीबीची एसएसडी कोरी फॉरमॅट केली, प्रतिमेतून फक्त डीच्या फाइली तिच्यावर घेतल्या आणि तिला डी हेच अक्षर दिलं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरला डेटा नेहमीच्या जागी सापडावा.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या आत कॅबिनेट गादीजवळ परत. डेटा बरोबर आहे की नाही हे मी ठरवलं नाही, दिवाणजींनी ठरवलं. त्यांनी हातातला रोजमेळ उघडला, शेवटच्या पट्टीचा नंबर जुळवला, मग तीन शेतकऱ्यांची खाती आणि रोख शिल्लक. बोट ओळीवरून सरकत होतं आणि मान हलत होती. सगळं जुळल्यावर त्यांनी एक पट्टी छापली. प्रिंटर पहिल्या फटक्यात बोलला.

सगळंच परत आलं असं नाही. २०१७ मधल्या पावत्यांचे ११ स्कॅन उघडले नाहीत, ते न वाचलेल्या ३०० केबीत गेले. कागद माळ्यावर असल्यामुळे पुन्हा स्कॅन करता आले. पुढचे दहा दिवस रोज सकाळी दिवाणजींनी मशीन लागल्याचा फोन केला. मी सांगितलं नव्हतं.

आज पुन्हा हेच करायचं झालं तर

पहिल्या भेटीत पत्रा उघडण्याआधी स्मार्ट अहवाल काढेन. धूळ खरी होती, ती साफ करणंही गरजेचं होतं. पण डोळ्याला दिसलेला दोष हाच कारणीभूत असेल असं मी धरून चालले. तीन वेळा मशीन लागलं याला मी पुरावा मानलं, तेही चूक. कधी येणाऱ्या आणि कधी न येणाऱ्या दोषासाठी तीन वेळा म्हणजे काहीच नाही, शिवाय गरम मशीन तीनदा बंद-चालू करणं आणि रात्रभर थंड पडलेलं मशीन सकाळी एकदा चालू करणं यात फरक आहे. त्या भेटीचे पैसे मी घेतले नाहीत.

दुसरं, पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगायला हवं होतं की लागत नसेल तर सारखं बटण दाबून बंद-चालू करू नका. खराब होत चाललेल्या डिस्कला दर वेळी नव्याने फिरायला लावणं हा तिच्यावर मोठा ताण असतो. त्या एका सकाळी त्यांनी अण्णांच्या हिशोबाने पंधरा-वीस वेळा ते केलं होतं. न वाचता येणाऱ्या त्या ८८ सेक्टरांमधले किती त्यातले, कोण जाणे.

बॅकअपबद्दल मात्र मी वेळेत बोलले असं वाटतं. डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच डिस्कवर असणं म्हणजे बॅकअप नसणंच. पेनड्राइव्हवर घेऊन घरी ठेवतो, असं अण्णा म्हणाले. त्यांचं घर गावभागात, तळमजला. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं, धोका पातळी ४५ फुटांची असताना. तो तळमजला तेव्हा पाण्यात होता. हे मी बोलून दाखवायच्या आतच दिवाणजी म्हणाले, माझ्याकडं द्या. ते माधवनगरला राहतात. आता दर शनिवारी डेटाची एक प्रत त्यांच्या डब्याच्या पिशवीतून जाते आणि सोमवारी दुसरा पेनड्राइव्ह परत येतो. दर महिन्याला एक प्रत माझ्या दुकानात उघडून पाहते, कारण न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

दिवाळीच्या आधी, विंडोज १० चा सपोर्ट संपायच्या आठवड्यात, अण्णांनी नवं मशीन घेतलं. विंडोज ११ टाकताना आत एकच डिस्क जोडलेली होती. डेटाची एसएसडी खोक्यातच, टेबलावर दिवाणजींच्या वहीशेजारी. सेटअप संपल्यावर पार्टिशनची यादी उघडली: ईएफआय, १६ एमबी, सी, रिकव्हरी, चारही एकाच डिस्कवर. मग मशीन बंद करून दुसरी डिस्क जोडली.